चार वेळा साक्षर झालेली बाई

आमच्या उंबरविहिरीत नवसामावशीइतकं साक्षर कुणी नाही. ती चार वेळा साक्षर झाली आहे. एकदा सरकारने केली, एकदा बचत गटाने, एकदा एका कॉलेजच्या दहा दिवसांच्या शिबिराने आणि शेवटी आमच्या पल्लवांकुर प्रतिष्ठानने. या चारही साक्षरतांच्या आधी ती आश्रमशाळेतून सातवी पास झालेली होती. पण ते कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता.

यात तिला फसवणूक अशी कधी वाटली नाही. गावालाही वाटली नाही. आमच्याकडे डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं काढणं एकट्यादुकट्याचं काम नसतं. घरटी एक माणूस येतो, आज याच्या बांधावर, उद्या त्याच्या. याला पडकई म्हणतात. तुझ्या स्वतःच्या शेताला बांध हवाय का, असं पडकईत कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे काम निघालं त्याला माणसं पुरवायची, एवढंच. गावाने साक्षरताही अशीच धरली. साहेबांकडे काम निघालंय, त्यांना वीस अडाणी बाया पाहिजेत, तर घरटी एक बाई द्यायची. घरात अडाणी बाई असली तर ती द्यायची, नसली तर असेल ती. धिंदळ्यांच्या घरातून नेहमी नवसामावशी जायची, कारण सासू म्हणायची की माझ्याने पाटी घेऊन बसवत नाही, पाठ दुखते.

पहिल्या वेळी तिला यातलं काही कळत नव्हतं. तेविशीतली पोर होती. परीक्षेला बसवलं तर तिने सगळा पेपर दहा मिनिटांत सोडवला, शेजारणीचाही सोडवला, आणि वेळ उरला म्हणून पेपर काढणाऱ्याची एक चूक पेन्सिलीने दुरुस्त करून दिली. तालुक्याचे साहेब फार नाराज झाले. बक्षिसाचा कंदील दुसऱ्याच बाईला गेला. तिने नावातलं पहिलं अक्षर काढून रडायला सुरुवात केली होती, आणि साहेबांना ते फार भिडलं होतं.

त्यावरून नवसामावशी शिकली. साक्षर होण्यापेक्षा निरक्षर दिसणं अवघड आहे, हे तिला उमगलं. दुसऱ्या वेळी तिने खडू विळ्यासारखा मुठीत धरला. तिसऱ्या वेळी, कॉलेजच्या शिबिरात, ती नाव लिहिताना शेवटच्या अक्षरापाशी थांबू लागली. थांबायचं, वर बघायचं, कपाळाचा घाम पुसायचा, मग लिहायचं. त्या थांबण्यात शिबिरातल्या एका मुलीला हुंदका आला. नवसामावशीला स्टीलचा पाच कप्प्यांचा डबा मिळाला. तो अजून वापरात आहे, फक्त एक कप्पा हरवला.

इकडे घरी मात्र अख्खं गाव तिच्याकडे कागद घेऊन यायचं. लग्नपत्रिका, खताची गोणी, वनखात्याची नोटीस, आणि सगळ्यात जास्त म्हणजे औषधं. राजूरच्या दवाखान्यातून आलेलं माणूस एस.टी.तून उतरलं की आपल्या घराआधी तिच्या ओट्यावर टेकायचं. ती पाकीट हातात घ्यायची, आधी तारीख बघायची, मग नाव, मग म्हणायची की ही जेवणाआधीची, ही जेवल्यावरची, आणि ही तुझी नाहीच, ही दुसऱ्याच्या पिशवीतली तुला दिलीय, परत जा.

पल्लवांकुरची शाळा आमच्या गावात येऊन सहा वर्षं झाली. शाळा चांगली आहे, हे आधी सांगायला हवं. आसपासच्या पाच पाड्यांतली पोरं येतात, रोज अंडं मिळतं, महिन्याला वजन होतं, पंधरा दिवसांनी डॉक्टरांची जीप येते. नळांवर ‘हात धुवा’ अशा सुंदर रंगीत पाट्या आहेत. नळांना फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं, पाट्या बारमाही आहेत. मी मराठी घेऊन एम.ए. झाले आणि याच शाळेत चौथीला शिकवायला लागले. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत प्रतिष्ठानने माता साक्षरता वर्ग काढायचं ठरवलं आणि दुपारचा तो वर्गही माझ्याकडेच आला.

जानेवारीच का, तर निधी मार्चच्या आत वापरायचा होता. आणि जानेवारीत आमच्या गावातल्या खरोखरीच्या निरक्षर बाया गावात नसतात. भात निघालं की त्या नारायणगावला टोमॅटोच्या, कांद्याच्या कामाला जातात, त्या मे महिन्यात येतात. मागे राहिल्या त्या कोण, तर सरपंचाची बारावी झालेली सून, बालवाडीतून निवृत्त झालेली मदतनीस, किराणावाल्याची बायको, ज्यांना फळाच दिसत नाही अशा तीन म्हाताऱ्या, अशाच आणखी काहीजणी, आणि नवसामावशी. खरं तर ती त्या वर्षीही नारायणगावला गेली होती. पण वाकून वाकून तिचा गुडघा नारळाएवढा सुजला, म्हणून नवरा सोमाकाका याने तिला एस.टी.त बसवून परत पाठवलं. राजूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की उकिडवं बसायचं नाही, ओणवं काम करायचं नाही. म्हणजे काहीच करायचं नाही, असं तिला वाटलं. अशा रिकाम्या बाईला गावाने वर्गात बसवली नसती तरच नवल.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘अ’ काढला. मला ‘अ’ नवसामावशीनेच शिकवला होता, चुलीतली राख अंगणात पसरून, काडीने. त्या दुपारी तिने फळ्याकडे पाहिलं, लांबच्या गावी भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि मग ओळख न दाखवता पाटीवर मान खाली घातली. मी हजेरी घेतली. वीस जणी, वीसही निरक्षर, मी सही केली.

मे महिन्यात नारायणगावहून बाया परतल्या. ठकूबाई, जिला स्वतःचं नावही येत नाही, ती शाळेत येऊन विचारू लागली की आमचं नाव कधी घेणार. प्रकल्प बघणारे निनाद सर नाशिकचे, पोरगेलेसे, मनाने चांगले. ते म्हणाले की या टप्प्याचं लक्ष्य पूर्ण झालं आहे, गावात आता कुणी निरक्षर शिल्लक नाही.

“मी हाय की,” ठकूबाई म्हणाली.

“तुम्ही पुढच्या टप्प्यात,” सर म्हणाले, आणि तिला चहा दिला.

ऑगस्टमध्ये शाळेत आरोग्य खोली तयार झाली. पांढऱ्या फरश्या, एक खाट, वजनकाटा, कपाट. तिथे बसायला आरोग्यसखी हवी, अशी सूचना दारावर लागली. बाई स्थानिक हवी, सातवी पास हवी, औषधांची नावं आणि सूचना वाचता यायला हव्यात. मुलांची वजनं घ्यायची, ताप बघायचा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर द्यायच्या. काम खुर्चीवरचं.

नवसामावशी ती सूचना उभ्याउभ्या तीन वेळा वाचून आली. नारायणगावची जीप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. गेल्या हंगामात ती अर्ध्यातून परतल्याने सोमाकाका एकटाच राबला होता. या वर्षी दोघांना गेलंच पाहिजे होतं, नाहीतर दुसरं काहीतरी पाहिजे होतं. आणि त्या दारावर दुसरं काहीतरी लिहिलेलं होतं. तिने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, एका पानात, समास सोडून, खाली ‘आपली विश्वासू’. सोबत आश्रमशाळेचा सातवीचा दाखला आणि त्याची झेरॉक्स लावली.

निनाद सरांनी तो वाचला तेव्हा मी तिथेच अंडी मोजत होते.

“कुणाकडून लिहून घेतलात, मावशी?”

“मीच लिवला.”

सर हसले. मग त्यांनी अक्षर पुन्हा बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी अंड्यांचा ट्रे दुसऱ्यांदा मोजायला घेतला.

“अहो, पण तुम्ही आता जोडाक्षरांवर आहात.”

“ते वर्गात, सर. घरी मी सातवी पास हाय.”

सरांनी लॅपटॉप उघडला. त्यात नवसामावशी लाभार्थी क्रमांक एक होती. तिची तीन वर्षांची वाटचाल आखलेली होती. पहिल्या वर्षी ती स्वतःचं नाव लिहिणार होती, दुसऱ्या वर्षी एस.टी.ची पाटी वाचणार होती, आणि तिसऱ्या वर्षाअखेर तिला औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता येणार होती. हे पुण्याच्या मुख्य ऑफिसला कळवून झालं होतं, तिच्या फोटोसकट, आणि पुण्याहून ते देणगीदारांना कळवून झालं होतं. सरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि बोटाने ओळ दाखवली.

“बघा, तिसऱ्या वर्षी तुम्ही या जागेला अगदी योग्य ठराल.”

“तवर गुडघा थांबंल का?”

सर दाखला उलटसुलट बघू लागले. मग त्यांना दाखल्यात आणखी एक अडचण सापडली, आणि अडचण सापडल्यावर माणसाला जसं बरं वाटतं तसं त्यांना वाटलेलं दिसलं. दाखला नवसा कोंडाजी लहामगे या मुलीचा होता.

“ही कोण?”

“लगीन व्हायच्या आधीची मी.”

“पण कागदावर ही दुसरी बाई आहे, मावशी.”

तिने दाखला घडी करून पदरात ठेवला. वाद घातला नाही. घरी जाताना मी तिच्यासोबत ओढ्यापर्यंत गेले. तिथल्या दगडांवर तिला हात धरून उतरवावं लागतं. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, तू खरं सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल का गं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मग नको सांगू, आपल्यातली एक तरी खुर्चीवर बसलेली बरी. माझ्या सहीच्या हजेरीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

ऑक्टोबरात पाहुणे यायचे होते. भात पिवळं पडायला लागलं की वाट कोरडी होते, ओढ्याला पाणी असतं, फोटो चांगले येतात, म्हणून प्रतिष्ठानची भेट तेव्हाच असते. प्रतिष्ठानच्या अध्यक्षा वृंदाताई, सोबत दहाएक देणगीदार, आणि त्यांच्यात मोहोळकर काका. त्यांचा औषधांचा घाऊक व्यापार, शाळेतली पांढरी फरशी त्यांचीच. या वेळी ते मुलांसाठी जंताच्या औषधाची सहा खोकी भेट देणार होते.

आठवडाभर तालीम झाली. मुलांनी हात धुण्याचं गाणं बसवलं. नवसामावशीने फळ्यावर आपलं नाव लिहायचं होतं. निनाद सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी नीट झालं तर मी ताईंकडे तुमच्यासाठी शब्द टाकतो, शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला एक बाई लागणारच आहे. सरांना खरंच वाटत होतं की हे चांगलं आहे. भांडी उकिडवं बसून घासतात, हे नाशिकच्या मुलाला कसं कळावं.

पाहुणे आले. नारळपाणी झालं, गाणं झालं. मग मुलं व्हरांड्यात रांगेत उभी राहिली, पहिलीपासून चौथीपर्यंत चाळीस जणांची रांग. पहिला चमचा काका स्वतःच्या हाताने पाजणार होते, तसा फोटो हवा होता. खोकी माझ्या वर्गाच्या दाराशी, फळ्याजवळच्या टेबलावर ठेवली होती. आधी लाभार्थ्याची सही, मग औषध, असा क्रम होता.

नवसामावशी फळ्याशी गेली. पदर खोचला, खडू मुठीत धरला. ‘न’ काढला, थोडा वाकडा. ‘व’ काढला. देणगीदारांपैकी दोन बायका पुढे सरकल्या. ‘सा’ची काठी तिने मुद्दाम बारीक काढली. ‘बा’ झाला. मग ती थांबली.

सगळेच थांबले. वृंदाताईंनी पाहुण्यांकडे वळून डोळ्यांनीच सांगितलं, की हाच तो क्षण. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. पण नवसामावशी घाम पुसत नव्हती आणि वरही बघत नव्हती. ती टेबलाकडे बघत होती. वरच्या खोक्याचं झाकण उघडं होतं, एक बाटली बाहेर काढून ठेवलेली, आणि औषध दिसलं की आधी तारीख बघायची तिच्या डोळ्यांना सवयच आहे.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिला काय दिसलं ते मला अजून दिसलं नव्हतं. एवढं मात्र दिसलं, की ती एकदा रांगेकडे बघते आहे आणि एकदा निनाद सरांकडे. भांड्यांचीसुद्धा जागा आता हातची जाणार, याचा हिशेब तिने तिथे उभ्याउभ्या केला असणार. मग तिने खडू फळ्याच्या पट्टीवर ठेवला, बाटली उचलली आणि पदराने पुसून डोळ्यांजवळ धरली.

“हे पाजू नका,” ती म्हणाली. “जूनमधी मुदत संपलीय.”

काका म्हणाले, काय. तिने बाटली त्यांच्यापुढे धरून बोटाने तारीख दाखवली. मग दुसऱ्या खोक्यातली बाटली काढली, तिसऱ्यातली काढली, अशी सहाही खोकी बघितली. दोन खोकी जूनची, चार मेची. तिने ती तशी वेगवेगळी लावूनसुद्धा ठेवली. काकांनी चष्मा काढून पुन्हा घातला. त्यांच्या गोदामातलं कुणीतरी विकलं न गेलेलं सगळं धर्मादायाच्या ढिगात टाकत असणार, हे त्यांना त्याच वेळी कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढऱ्या फरशीसारखा झाला.

रांगेतली मुलं हळूच खाली बसली. पहिली सावरल्या वृंदाताई.

“बघितलंत,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. “नऊ महिन्यांपूर्वी या बाईला अक्षर येत नव्हतं.”

टाळ्या सुरू झाल्या. त्या संपेपर्यंत नवसामावशी थांबली.

“मी सातवी पास हाय, ताई,” ती म्हणाली. “पयल्यापासून.”

देणगीदारांतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, अगदी साधेपणाने विचारलं, की मग तुम्ही या वर्गात का बसलात.

“तुम्हाला शिकवायचं होतं ना,” नवसामावशी म्हणाली. “आमच्या बाया तवा कामाला गेलेल्या. तुम्ही एवढ्या लांबून आलेले. कुणीतरी बसाया नको का?”

पडकईला येऊन गेलेल्या माणसाला जेवायला वाढतात, तसं मग पाहुण्यांना जेवायला वाढलं. नागलीची भाकरी, वालाची उसळ, भात. सगळे पोटभर जेवले. खोकी काकांच्या गाडीत चादरीखाली गेली.

चार दिवसांनी वृंदाताई एकट्या परत आल्या. त्यांनी निनाद सरांना, मला आणि नवसामावशीला ऑफिसात बसवून घेतलं. मला वाटलं, आता आमचा निकाल लागणार. पण ताई रागावलेल्या नव्हत्या. त्या थकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, अहवाल खोटा होता असं मी कळवलं तर पुढच्या वर्षीचं सगळंच थांबेल, अंडी थांबतील, डॉक्टरांची जीप थांबेल. आणि मोहोळकर काकांचा फोन येऊन गेलाय, त्या दिवसाबद्दल कुठेही एक ओळसुद्धा येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. आमचीही तीच होती. गावाचाही प्रश्न होता, कारण एकीची चौकशी लागली तर बाकीच्या एकोणीस जणी आल्याच, आणि त्यांत सरपंचाची सून होती.

“अंडी थांबवू नका,” नवसामावशी म्हणाली.

“मग या लाभार्थी क्रमांक एकचं मी काय करू?” ताई सरांना विचारत होत्या, जणू तो क्रमांक समोर बसलेलाच नाही.

सरांच्या पुढ्यात ऑगस्टमधल्या अर्जांची फाइल होती. एका उमेदवाराचा दाखला खाडाखोड केलेला निघाला होता, दुसरीला रक्त बघून चक्कर यायची, आणि जागा रिकामीच होती. सर पानं उलटता उलटता थांबले. समास सोडून लिहिलेला तो अर्ज आणि त्याला लावलेली दाखल्याची झेरॉक्स त्यांनी वर काढली.

“ताई, या लहामगेबाई कोण आहेत?” ते म्हणाले. “स्थानिक आहेत, सातवी पास आहेत. आणि आपल्या वर्गात यांचं नाव कुठेच नाही.”

ताईंनी दोन्ही वाचलं. मग नवसामावशीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. ऑगस्टमध्ये ज्या कारणाने तिला जागा मिळाली नव्हती, नेमक्या त्याच कारणाने आता मिळू शकत होती, हे त्या खोलीतल्या चौघांनाही एकाच वेळी दिसलं, आणि कुणीही ते तोंडाने म्हटलं नाही. फक्त धिंदळेबाईंना वर्गातून कमी करावं लागणार होतं. लॅपटॉपमध्ये त्यासाठी एक रकाना होता. गळतीचं कारण त्यात तीनांपैकी एकच निवडता येत होतं, मृत्यू, विवाह किंवा स्थलांतर. सरांनी ते वाचून दाखवलं.

नवसामावशीने तिन्हींचा नीट विचार केला.

“मेलेली नको,” ती म्हणाली. “सोमाला सुतक धरावं लागंल. आन लगीन बी नको, एकदा केलं तेवढं बास झालं.”

वृंदाताईंना हसू आलं आणि त्यांनी ते रुमालात लपवलं. नोव्हेंबरच्या एक तारखेला नवसाबाई सोमा धिंदळे, वय शेहेचाळीस, लाभार्थी क्रमांक एक, मजुरीसाठी नारायणगाव येथे स्थलांतरित झाल्या. तीन तारखेला नवसा कोंडाजी लहामगे आरोग्यसखी म्हणून रुजू झाल्या. नेमणुकीच्या पत्रावर सही करायला सांगितली तेव्हा तिने घाम पुसला नाही, कुठे थांबली नाही. लग्नानंतर तीस वर्षांनी माहेरचं नाव लिहिताना तिचं अक्षर जरा पोरसवदा आलं, एवढंच.

वर्गात मात्र आता एक जागा रिकामी होती. त्या जागेवर ठकूबाईचं नाव घालावं, असं मी निनाद सरांना लिहून दिलं. सरांनी मान्य केलं. वर्ग जानेवारीत सुरू होणार होता.

डिसेंबरात जीप आली. शाळेच्या कोपऱ्यावर थांबते ती. बोचकी वर बांधली गेली, सोमाकाका पुढे ड्रायव्हरजवळ बसला. ठकूबाई मागे बसायच्या आधी आरोग्य खोलीत आली. तिला कंबरेसाठी गोळ्या हव्या होत्या. नवसामावशी खुर्चीवर बसून दुसरीच्या मुलांची वजनं लिहीत होती. तिने कपाटातलं पाकीट काढलं, तारीख बघितली, दिवसाला एकच घ्यायची आणि उपाशीपोटी नाही असं दोनदा सांगितलं, आणि ठकूबाईकडून तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं. मी वर्गाची यादी हातात घेऊन दारात उभी होते. ठकूबाईने ती यादी पाहिली, तिच्यावर काय लिहिलंय ते विचारलं नाही. जानेवारीत ती कुठे असणार, ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. ठकूबाई गोळ्या कनवटीला लावत हसली.

“तू बी आमच्याच संगं चाललीस म्हनं. कागदावर तसं लिवलंय, सरपंचाची सून सांगत होती.”

“व्हय, चाललेय की,” नवसामावशी मान वर न करता म्हणाली. “मागच्या बाकावर जागा ठिवा तिला. आन काम करून घ्या भरपूर. तिला गुडघं न्हाईत.”